झाडाच्या सालीवरील अक्षरें

कोंकणांतील एखाद्या पोफळीच्या बागेंत पाऊस संपतां संपतां, म्हणजे आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, कोणी सावकाश फिरूं लागला तर एक गोष्ट त्याच्या नजरेस आल्यावांचून राहत नाहीं. सरळ उंच गेलेल्या खोडांवर जागोजाग पांढुरके, राखी, किंचित् हिरवट असे डाग पसरलेले असतात; जणूं कोणी चुन्याच्या कुंचल्याचे शिंतोडे उडवून ठेविले आहेत. बहुतेक लोक एवढेंच पाहतात आणि पुढें जातात. परंतु तोच मनुष्य खोडाशीं नाक लावून उभा राहिला तर त्या डागांपैकीं कांहींवर बारीक, काळ्या, वांकड्यातिकड्या रेघा त्याला दिसतील. कांहीं सरळ, कांहीं वेलांटीसारख्या वळलेल्या, कांहींना फांटे फुटलेले. एखादी रेघ फार तर अर्ध्या तांदळाच्या दाण्याएवढी लांब आणि शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक. ज्यांनीं जुन्या दप्तरांतील मोडी कागद पाहिले आहेत त्यांना क्षणभर वाटावें कीं, कोणा कारकुनानें बोरू घेऊन सालीवरच दोन ओळी खरडल्या आहेत.

ह्या अक्षरांविषयीं लोकांत निरनिराळे समज आढळतात. कोणी म्हणतो, मुंग्यांनीं पोखरलें. कोणी म्हणतो, खोडकिडा लागला. आणि बागाईतदार पुष्कळदां रोग समजून कोयत्याच्या पात्यानें खोड खरवडून काढतो, किंवा मोरचूद आणि चुना ह्यांचें पाणी त्यावर फवारतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? पांढऱ्या डागाला रोग समजण्याची संवय मनुष्याला स्वतःच्या कातडीवरून लागलेली आहे. पण वस्तुस्थिति अशी कीं, हा डाग म्हणजे झाडाचा रोग नव्हे. तो झाडावर राहणारा एक निराळाच जीव आहे, आणि झाडाच्या अन्नांतला एक कणहि तो घेत नाहीं. त्याला मुळें नाहींत. सालीच्या अगदीं बाहेरच्या, निर्जीव झालेल्या थरांत तो रुतून बसलेला असतो. आंतल्या जिवंत भागापर्यंत त्याची पोंच नसते. झाड हें त्याचें घर आहे, स्वयंपाकघर नव्हे.

त्याच्या जातीचें एक माणूस मात्र महाराष्ट्रांतील प्रत्येक स्वयंपाकघरांत ठाऊक आहे. गोड्या मसाल्यांत जें काळपट-राखी, चुरगळलेल्या कागदासारखें दगडफूल पडतें, तें ह्याचें मोठें भावंड. त्याचें नांव दगडाचें खरें, पण बाजारांत येणारा बराचसा माल हिमालयाच्या बाजूच्या झाडांच्या फांद्यांवरून खरवडून आणलेला असतो. ह्या सर्व वर्गाला पाश्चात्य शास्त्रज्ञ लायकेन म्हणतात, आणि मराठी शास्त्रीय ग्रंथांत त्याला शैवाक असा शब्द योजिला आहे. जगांत त्याच्या वीस हजारांच्या आसपास आणि हिंदुस्थानांत सुमारें तीन हजार जाति नोंदल्या गेल्या आहेत. कांहीं पानांसारखे, कांहीं दाढीसारखे लोंबणारे, आणि उरलेले, म्हणजे संख्येनें सर्वांत अधिक, हे असे खपलीसारखे चिकटलेले. मसाल्याचें दगडफूल सहज उचलतां येतें. खपलीचें दगडफूल सालीचा तुकडा काढल्याशिवाय हातीं लागत नाहीं. म्हणूनच तें ओळखणारे लोक थोडे.

आतां हा जीव एक म्हणावा कीं दोन, हा प्रश्न पूर्वीं फार गाजलेला आहे. १८६७ सालीं सायमन श्वेंडेनर नांवाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, दगडफूल ही स्वतंत्र वनस्पति नसून बुरशी आणि शेवाळ ह्या दोघांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते आणि पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हाच्या साहाय्यानें साखर तयार करतें. आणि त्या साखरेवर दोघांचाहि निर्वाह चालतो. त्या काळच्या नामांकित तज्ज्ञांना ही कल्पना मुळींच पटली नाहीं. पॅरिसमध्यें राहणारा फिनलंडचा विल्यम नायलँडर तर मरेपर्यंत तिचा वैरी होता. विद्वानाचा हट्ट हा इतरांच्या हट्टाहून कमी चिवट नसतो. पुढें श्वेंडेनरचेंच म्हणणें खरें ठरलें. इतकेंच नव्हे, तर २०१६ सालीं कित्येक दगडफुलांच्या वरच्या थरांत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी राहते असें आढळून आल्यामुळें दोघांच्या संसारांत तिसरा भाडेकरूहि निघाला. परंतु नायलँडरला सोडून पुढें जातां येत नाहीं. दगडफूल ओळखण्याची आजची रीत त्याच्याच दोन शोधांवर उभी आहे, आणि ते दोन्ही शोध पुढें येतील.

सालीवरच्या अक्षरवाल्या दगडफुलांत जें शेवाळ असतें तें हिरवें दिसत नाहीं, नारिंगी दिसतें. ट्रेंटेपोलिया हें त्याचें नांव. जातीनें तें हिरवें शेवाळच आहे, पण त्याच्या पेशींत गाजरांतल्यासारखें पिवळें-तांबडें रंगद्रव्य इतकें भरलेलें असतें कीं हिरवा रंग झांकून जातो. श्रोत्यांपैकीं ज्यांचें घर समुद्रकांठीं आहे त्यांनीं तें निराळ्या रूपांत पाहिलेलें असेल: पावसाळ्यांत ओल्या गडग्यावर, देवळाच्या मागच्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर जो केशरी मखमलीसारखा थर चढतो, तो पुष्कळदां ह्याचाच. २००१ सालीं केरळांत तांबडा पाऊस पडला आणि वर्तमानपत्रांतून मोठी खळबळ उडाली. अंतराळांतून जीव उतरल्याच्या गोष्टीहि कोणी बोलले. परंतु पाण्यांतले कण तपासतां ते ह्याच जातीच्या शेवाळाचे बीजाणु असल्याचें सरकारी शास्त्रज्ञांच्या अहवालांत नमूद झालें. अक्षरवाल्या दगडफुलाचा जन्म ह्या शेवाळावर अवलंबून असतो. काळ्या रेघांतून जे बीजाणु बाहेर पडतात ते केवळ बुरशीचे असतात. वाऱ्यानें उडून ते नव्या सालीवर पडले आणि तेथें त्यांच्या जातीचें शेवाळ आधींच वस्तीला असलें तर संसार थाटला जातो. नाहीं तर तो बीजाणु तसाच मरून जातो. म्हणून हें दगडफूल कोठें सांपडेल हें पुष्कळ अंशीं शेवाळाला काय मानवतें ह्यावर ठरतें: ऊब, ओलावा आणि गाळून आलेला उजेड.

ओळखावयास निघालेल्या मनुष्याजवळ प्रथम एक भिंग हवें. दहापट मोठें दाखविणारें, सराफ वापरतात त्या प्रकारचें भिंग पुरेसें होतें. तें डोळ्याशीं चिकटवून धरावें आणि डोळाच सालीजवळ न्यावा. नवशिके भिंग सालीजवळ धरतात आणि आपण मात्र हातभर दूर राहतात, त्यामुळें त्यांना कांहींच दिसत नाहीं. भिंगांतून पाहिलें म्हणजे काळी रेघ ही रेघ राहत नाहीं. ती एक लांबट फट आहे आणि फटीच्या दोन्ही बाजूंस दोन उंच ओठ आहेत असें स्पष्ट दिसतें. ओठ कोळशासारखे काळे आहेत काय, कीं त्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी आहे? ते गुळगुळीत आहेत, कीं त्यांवर लांबीच्या दिशेनें चरे पडलेले आहेत? फट मिटलेली आहे, कीं उघडून आंतला सपाट तळ दिसतो? रेघ सालीवर उठून बसली आहे, कीं निम्मी आंत बुडालेली आहे? एवढ्या चार प्रश्नांचीं उत्तरें जागेवरच लिहून घ्यावीं. घरीं आल्यावर सगळेंच लक्षांत राहील असें वाटतें, पण तसें होत नाहीं.

ह्यानंतर एक थेंब पाणी. कोरडें असतांना हें दगडफूल खडूसारखें पांढरट दिसतें. पाणी पडतांच वरचा थर पारदर्शक होतो आणि आंतल्या शेवाळाचा हिरवट-पिवळट रंग उमटतो. मग टांचणीच्या टोंकानें अगदीं हलकेंच एक ओरखडा काढावा. आंत पिवळसर किंवा नारिंगी छटा दिसली तर ट्रेंटेपोलियाची खूण पटली. कांहींच रंग निघाला नाहीं, केवळ सालीचा भुसा निघाला, तर तें दगडफूल नव्हेच असा दाट संशय घ्यावा. कारण झाडाच्या मेलेल्या सालीवर राहणाऱ्या साध्या बुरश्यांपैकीं कांहींना हुबेहुब अशाच काळ्या, फटीच्या, होडीसारख्या गांठी येतात. त्यांच्या भोवतीं शेवाळाचा थर नसतो, एवढाच काय तो फरक. ह्या एका ओरखड्यानें निम्म्या चुका टळतात.

उरलेल्या निम्म्या चुका मात्र नातेवाइकांमुळें होतात. सालीवर लिहिणारीं दगडफुलें एकाच कुळांतलीं नाहींत. ज्याला खरें अक्षर-दगडफूल म्हणावें तें ग्राफिस. ग्रीक भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ लेखणी असा आहे. त्याचे ओठ काळे असतात आणि फट बहुधा मिटलेली असते. फियोग्राफिस ह्याची फट उघडी असते आणि तळ तपकिरी किंवा काळपट दिसतो. सार्कोग्राफांत पुष्कळ रेघा एकत्र येऊन उंचवट्यावर कोंबडीच्या पायासारख्या पसरतात. ग्लिफिस म्हणून एक आहे, त्यांत पांढऱ्या फुगीर ठिपक्यावर वाटोळे काळे खळगे दाटीनें असतात. तें पाहून लिपीपेक्षां देवीच्या व्रणांचीच आठवण होते, आणि त्याच्या एका प्रसिद्ध जातीचें लॅटिन नांवहि व्रणांवरूनच ठेविलेलें आहे. ओपेग्राफा तर मुळीं दुसऱ्याच गोत्रांतला. त्याच्या रेघा बाहेरून ग्राफिससारख्या दिसतात आणि चांगल्या जाणत्यालाहि चकवितात. दोन भिन्न गोत्रांतल्या बुरश्यांनीं एकच हस्ताक्षर गिरवावें ही मौजेची गोष्ट आहे खरी, पण ओळखणाऱ्याला ती महाग पडते. मोबाईलच्या कॅमेऱ्यानें फोटो काढून क्षणांत नांव सांगणारीं साधनें आतां निघालीं आहेत. पक्ष्यांना आणि फुलांना तीं बरीं. येथें तीं जें नांव सांगतील तें केवळ हस्ताक्षर पाहून सांगितलेलें असतें.

म्हणून डोळ्यांची परीक्षा संपली कीं रसायनाची सुरू होते, आणि हा नायलँडरचा पहिला शोध. १८६६ सालीं त्यानें असें दाखविलें कीं, पोटॅशचें पाणी किंवा ब्लीचिंग पावडरचें ताजें पाणी दगडफुलावर सोडलें असतां कांहीं जातींत रंग उमटतो आणि कांहींत उमटत नाहीं. सबब दिसण्यांत जुळीं वाटणारीं दगडफुलें ह्या रंगावरून वेगळीं करतां येतात. कारण असें कीं, बुरशी आपल्या शरीरांत नानाविध आम्लें तयार करीत असते आणि प्रत्येक जातीचा सांठा ठरलेला असतो. पुढें जपानी रसायनशास्त्रज्ञ असाहिना ह्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ह्या परीक्षेंत मोठी भर घातली. ग्राफिसच्या बाबतींत सर्वांत सुंदर परीक्षा नॉरस्टिक्टिक आम्लाची. त्यावर पोटॅशचा थेंब सोडला कीं प्रथम पिवळा रंग येतो; मग पाहतां पाहतां तो रक्तासारखा लाल होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं सुयांसारखे तांबडे स्फटिक उगवतांना दिसतात. त्याच कुळांतल्या दुसऱ्या जातीवर तोच थेंब टाकावा तर कांहींच होत नाहीं. युरोपांत मिळणारी ग्राफिस स्क्रिप्टा ही अशीच मुकी जाति आहे. तिच्यांत असें कोणतेंहि आम्ल नाहीं. पोटॅश हें कातडी जाळणारें द्रव्य आहे, तेव्हां ह्या परीक्षेची हौस मुलांच्या हातीं देऊं नये. त्यापेक्षां नोटा खऱ्या-खोट्या पाहण्याचा जो जांभळ्या उजेडाचा दिवा दुकानदारांकडे असतो, तो रात्रीं खोडावर धरून पाहावा. लायकेक्सँथोन नांवाचें द्रव्य ज्या जातींत असतें ती जाति अंधारांत पिवळीधमक चमकते.

शेवटची परीक्षा बीजाणूंची. ब्लेडनें रेघेचा आडवा पापुद्रा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला म्हणजे दोन काळ्या ओठांच्या मध्यें उभ्या पिशव्या दिसतात आणि त्यांत साधारणपणें आठ-आठ बीजाणु असतात. एक बीजाणु एका मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा. ग्राफिसच्या बीजाणूंत आडवे पडदे असतात, आणि पडद्यांमधल्या पोकळ्या मसुराच्या डाळीचे दाणे एकापुढें एक ओंवावे तशा दिसतात. आयोडीनचा स्पर्श होतांच ही माळ निळी-जांभळी होते. ओपेग्राफाच्या बीजाणूंत असल्या मसुराच्या पोकळ्या नसतात. इतका वेळ चाललेलें सोंग येथें उतरतें.

ह्या बीजाणूंनींच नांवांचा केवढा घोटाळा केला तें सांगण्यासारखें आहे. लिनियसनें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत झाडून सारीं दगडफुलें एकाच लायकेन ह्या नांवाखालीं कोंबलीं, आणि ह्या अक्षरवाल्याला लायकेन स्क्रिप्टस म्हणजे लिहिलेलें दगडफूल असें म्हटलें. वनस्पतींच्या राज्यांतले हे दरिद्री कुणबी, असा त्याचा एकंदर अभिप्राय होता. त्यांच्या वाट्याला त्यानें फार वेळ दिला नाहीं. ती उणीव त्याच्याच अखेरच्या शिष्यानें, एरिक आकारियस नांवाच्या स्वीडिश वैद्यानें, भरून काढली आणि १८०९ सालीं आजचें ग्राफिस स्क्रिप्टा हें नांव रूढ केलें. पुढें १८८० च्या सुमारास म्युलर ह्या स्विस पंडितानें बीजाणूंचा रंग आणि पडदे पाहून चार कप्पे केले: रंगहीन व आडव्या पडद्यांचे ते ग्राफिस, रंगहीन पण विटांच्या भिंतीसारखे उभे-आडवे पडदे असलेले ते ग्राफिना, आणि तपकिरी बीजाणूंचे तसेच आणखी दोन. ही व्यवस्था पाठ करण्यास इतकी सोपी होती कीं ती शतकाहून अधिक काळ टिकली. शाळेंतल्या व्याकरणांतहि असले नियम टिकतात. ते खरे असतात म्हणून नव्हे, तर परीक्षेला सोयीचे असतात म्हणून. २००२ सालीं बेटिना श्टायगर ह्यांनीं सर्व कुळाची फेरतपासणी करून दाखविलें कीं निसर्गाला हे कप्पे ठाऊक नाहींत. एकाच घरचीं भावंडें केवळ पडद्यांवरून दोन घरांत वांटलीं गेलीं होतीं. ग्राफिनांतल्या पुष्कळ जाति तेव्हांपासून ग्राफिसमध्यें परत आल्या, आणि २००९ सालीं ल्युकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सर्व जगांतील ग्राफिस ओळखण्याची किल्ली प्रसिद्ध केली तेव्हां तींत तीनशेंहून अधिक जाति होत्या.

ह्या इतिहासाशीं पुण्याचा संबंध जवळचा आहे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत, म्हणजे १९९२ पासून जिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात तेथें, पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं सह्याद्रींतल्या ह्या कुळाचा अनेक वर्षें अभ्यास केला, आणि कित्येक जाति जगाला प्रथम तेथूनच कळल्या. लखनौचे धरणीधर अवस्थी ह्यांनीं १९९१ सालीं हिंदुस्थान, नेपाळ आणि सिंहलद्वीप येथील बारीक दगडफुलांची किल्ली छापली; तीहि अशा संग्रहांच्या आधारावरच उभी राहूं शकली. संग्रह म्हणजे काय? कागदी पाकिटांत ठेविलेले सालीचे तुकडे. नांवें बदललीं, कप्पे मोडले, तरी पाकिटांतला तुकडा आणि पाकिटावरचा मजकूर बदलत नाहीं. नवी पद्धत आली कीं तोच तुकडा पुन्हां भिंगाखालीं जातो. मात्र पाकिटावर जागा लिहिलेली नसेल तर तो तुकडा पत्ता नसलेल्या पत्रासारखा होतो: मजकूर वाचतां येतो, पण तो कोणाचा, कोठला, हें कधींच कळत नाहीं.

ही जागेची गोष्ट केवळ कारकुनी टापटिपीची नव्हे. सालीवरच्या दगडफुलाला साल म्हणजे जमीन, आणि प्रत्येक झाडाची जमीन निराळी. पेरू आपली साल पापुद्र्यांनीं टाकून देतो, निलगिरीहि टाकते. ज्याची वाढ वर्षाकांठीं एक-दोन मिलिमीटर त्याला अशा घरांत बिऱ्हाड थाटतां येत नाहीं. पोफळ, फणस, कोंवळा आंबा ह्यांची साल बरीचशी सपाट आणि दीर्घकाळ टिकणारी. तेथें अक्षरें दाट उमटतात. जुन्या आंब्याच्या भेगाळ बुंध्यावर तींच विरळ होतात आणि दुसऱ्या जाति येऊन बसतात. कांहीं झाडांची साल आंबट, कांहींची कमी आंबट. कांहीं पाणी धरून ठेवतात, कांहींवरून तें ओघळून जातें. एकाच खोडाच्या चार बाजूहि सारख्या नसतात. ज्या बाजूनें पाऊस झोडपतो ती, आणि जिला दुपारचें ऊन लागतें ती, ह्यांवर निरनिराळ्या वस्त्या आढळतात. युरोपांत २०१४ सालीं ठरलेल्या मोजणीच्या रीतींत म्हणूनच खोडाच्या चारी बाजूंस, जमिनीपासून एक मीटर उंचीवर, दहा-दहा सेंटिमीटरच्या पांच चौकटींची शिडी लावून प्रत्येक चौकटींतलीं दगडफुलें मोजतात.

हा फरक मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल तर महाबळेश्वरहून वाईकडे येणारा रस्ता हा उत्तम धडा आहे. महाबळेश्वरीं वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून अवघ्या एकोणीस किलोमीटरवरच्या पांचगणीस तो एकदम उतरतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईस यावें तों कोरडी हवा लागते. वरच्या सदाहरित रानांत, जेथें अंजनी, जांभूळ, पिसा ह्यांच्या दाट छायेंत धुकें अडकून राहतें, तेथें ट्रेंटेपोलियाच्या संगतीनें राहणारीं दगडफुलें पाहण्यास मिळतात. घाट उतरतां उतरतां तीं मागें पडतात आणि उन्हाला सोसणारीं, निराळ्या शेवाळाचीं, पिवळट-राखी खपल्यांचीं दगडफुलें पुढें येतात. रेघांचें दगडफूल वाईच्या उघड्या माळावरच्या बाभळीवर सांपडलें असें कोणी सांगितलें तर जाणता प्रथम नांवावर संशय घेईल. ओळख अर्धी भिंगांत असते आणि अर्धी ह्या रस्त्यांत.

नायलँडरचा दुसरा शोध येथें उपयोगी पडतो. त्याच १८६६ सालीं त्यानें पॅरिसच्या लुक्सेंबुर्ग बागेंतील दगडफुलांची यादी प्रसिद्ध केली आणि अशी नोंद केली कीं, शहराच्या इतर भागांत जीं दिसत नाहींत तीं ह्या बागेंत अजून आहेत. अर्थात् हवा कोठें शुद्ध आहे हें दगडफुलें सांगतात. तीस वर्षांनीं, १८९६ सालीं, त्याला त्याच बागेंतून तीं नाहींशीं झाल्याचें लिहावें लागलें. दगडी कोळशाच्या धुरांतला गंधकाचा वायु त्यांना भोंवला होता. दगडफुलाला मूळ नाहीं, वर मेणाचा थर नाहीं. पावसाच्या पाण्याबरोबर जें येईल तें सर्वांगानें पिणें एवढेंच त्याला माहीत. इंग्लंडांत हॉक्सवर्थ आणि रोझ ह्यांनीं १९७० सालीं झाडांच्या सालीवरील दगडफुलांवरून हवेंतल्या गंधकाचें प्रमाण ठरविण्याचें कोष्टक तयार केलें. त्यांत एक मार्मिक गोष्ट अशी कीं, आंबट सालीच्या झाडांसाठीं एक आणि धुळीनें किंवा खतानें पोसलेल्या सालीसाठीं दुसरी, अशा दोन याद्या त्यांना द्याव्या लागल्या. झाड न ओळखतां दगडफूल वाचलें तर हवेविषयींचा निकालहि चुकतो. पुढें युरोपांत कोळसा कमी झाला, हवा निवळली, आणि १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखानें लुक्सेंबुर्ग बागेंत जवळजवळ शंभर वर्षांनीं दगडफुलें परतल्याचें जाहीर केलें. तीं परतलीं हें कळलें तें नायलँडरची जुनी यादी हातांत होती म्हणून.

इकडच्या शहरांतून अशा याद्या फारशा नाहींत, आणि ज्या झाडांवरून त्या कराव्या त्यांचे बुंधे रस्त्याच्या कडेनें गेरू आणि चुन्याच्या पट्ट्यांनीं माखलेले असतात. हा पट्टा नेमका जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर, म्हणजे जेथें पाहणी करावयाची तेथेंच बसतो. चुन्याखालीं उजेड पोंचत नाहीं आणि सालीचा आंबटपणाहि पालटतो. रात्रींच्या वाहनांना झाड दिसावें हा त्यामागचा हेतु चांगला आहे. पण आंगणांतल्या फणसाला आणि बागेंतल्या आंब्याला कोणतें वाहन धडकणार आहे, हें पट्टे ओढणाऱ्या गृहस्थांनींच सांगावें. रस्ता रुंद करण्यासाठीं जुनें झाड तोडलें जातें तेव्हां त्याच्या बदल्यांत लाविलेल्या रोपावर हीच वस्ती उभी राहण्यास कित्येक वर्षें लोटतात, आणि तेंहि जवळपास बीजाणु देणारें दुसरें जुनें झाड शिल्लक असेल तर.

नोंद ठेवण्यास फार सामग्री लागत नाहीं. महाबळेश्वर-पांचगणीचा टापू २००१ पासून संरक्षित आहे. तेथें आणि इतर कोणत्याहि सरकारी रानांत परवानगीवांचून साल काढूं नये, पाहून आणि फोटो घेऊन परतावें. स्वतःच्या बागेंत मात्र अंगठ्याच्या नखाएवढा पातळ तुकडा चाकूनें काढण्यास हरकत नाहीं. झाडाला त्याची दाद लागत नाहीं. तो प्लास्टिकच्या पिशवींत ठेवूं नये, बुरा येतो. वर्तमानपत्राच्या कागदांत दोन दिवस सावलींत वाळवावा, मग घडी घातलेल्या कागदी पाकिटांत ठेवावा. पाकिटावर शाईनें लिहूं नये, ओल लागली कीं ती पसरते, पेन्सिलीनें लिहावें. मजकूर असा: पोफळ, जिवंत, सुमारें वीस वर्षांची; जमिनीपासून साडेचार फूट; उत्तरेची बाजू; शेजारीं विहीर, दिवसभर सावली; खोड पांढरें, रेघा काळ्या, ओठ मिटलेले, चरे नाहींत; ओरखडा नारिंगी. खालीं गांव, तालुका आणि तारीख. आणि कोपऱ्यांत त्या अक्षरांचें, जशीं दिसलीं तशीं, एक लहानसें चित्र.